अज्ञान पालनकर्ती

तलाठ्याच्या दप्तरातील जुने सातबारे वाचण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना 'अ. पा. क.' ही तीन अक्षरे खचित ओळखीची असतील. घरचा कर्ता पुरुष निवर्तला आणि त्याचा मुलगा अद्याप वयात आलेला नसला, म्हणजे जमीन त्या मुलाच्या नावावर चढते, नावाबरोबर 'अज्ञान' हा शब्द लागतो आणि पुढे 'अ. पा. क. आई' अशी पुरवणी जोडली जाते. अज्ञान पालनकर्ती आई, हा त्या अक्षरांचा विस्तार. खाते मुलाचे, कारभार आईचा. कोणत्या कुणग्यात भात लावायचे, आंब्याची कोणती कलमे यंदा कराराने द्यायची, बांधाचा तंटा गावकीपुढे न्यायचा की कचेरीत, सारा कोणत्या महिन्यात भरायचा, हे सारे ती ठरवते. आणि इतके करूनही दप्तराच्या दृष्टीने ती मधल्या काळापुरती नेमलेली राखणदारच असते. मुलगा सज्ञान झाला की एक फेरफार मंजूर होतो, ती तीन अक्षरे कमी होतात आणि पुष्कळदा त्यांच्याबरोबर आईचा उल्लेखही कमी होतो.

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या मालगुंडात, गणपतीपुळ्याला उत्तरेकडून खेटून असलेल्या या समुद्रकाठच्या गावात, पतीच्या निधनावाचूनही हीच व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पुरुषांनी मुंबईस चाकरीला जावे, गणपतीला आणि शिमग्याला घरी यावे, आणि मधल्या दहा-अकरा महिन्यांचा सगळा संसार, शेत, गुरे, देवकार्ये, येणे-देणे, बायकांनी ओढावा, ही कोकणच्या घराघराची रीत. माझ्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत सरकारी साऱ्याच्या पावत्यांची एक चळत सुतळीने बांधून ठेवलेली होती. त्या प्रत्येक पावतीवर आजोबांचे नाव होते, आणि त्यांपैकी एकाही पावतीसाठी आजोबा कधी चावडीची पायरी चढले नव्हते.

प्राचीन इजिप्तच्या राण्यांविषयी वाचू लागले तेव्हा ती ट्रंक मला वारंवार आठवत राहिली. नाईलच्या तीरावर ज्या स्त्रियांनी राज्य केले, त्यांच्यापैकी कित्येकींचा इतिहासाच्या दप्तरातील प्रवेश याच तीन अक्षरांच्या दाराने झाला आहे. फेरोचे आसन हे होरस या देवाचे आसन. त्यावर बसणारा पुरुष त्या देवाचे मर्त्यलोकातील रूप, आणि त्याच्यामागून त्याचा पुत्र, अशी तेथील श्रद्धा होती. परंतु राजे अकाली मृत्यू पावत, पुत्र कधी पाळण्यात असत, आणि नाईलचा पूर मात्र कोणाच्या वयात येण्याची वाट पाहत नसे. धान्याची कोठारे भरणे, कालव्यांची डागडुजी करणे, सरहद्दीवर सैन्य ठेवणे, देवळांची उत्पन्ने चालू राखणे ही कामे ज्या दिवशी राजा मेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही करावीच लागत, आणि ती करण्यासाठी जी व्यक्ती उरे ती बहुधा राजाची विधवा असे.

या परंपरेतील सर्वांत जुने ठळक नाव मेरनेथ हिचे. इसवी सनापूर्वी सुमारे २९५० वर्षे, म्हणजे गिझाचे भव्य पिरॅमिड उभे राहण्याच्याही काही शतके आधी, इजिप्तच्या पहिल्याच राजवंशात ती होऊन गेली. १९०० साली फ्लिंडर्स पेट्री या पुराणवस्तुसंशोधकाने अबायडॉस येथील राजांच्या दफनभूमीत एक विस्तीर्ण कबर खणून काढली. तिच्या सभोवती सेवकांच्या कबरींची रांग होती, आणि सारा थाट इतर राजांच्या कबरींसारखाच होता. तेव्हा मेरनेथ हा कोणी राजाच असला पाहिजे, असे पेट्रीने धरून चालावे हे स्वाभाविक होते. पुढे ते नाव स्त्रीचे आहे हे उमगले. १९८५ साली त्याच दफनभूमीत देन या राजाच्या मुद्रेचा ठसा मिळाला. त्यावर पूर्वीच्या राजांची नावे क्रमवार कोरलेली होती, आणि त्या मालिकेत 'राजमाता' या पदवीसह मेरनेथचेही नाव होते. देन लहान असताना तिने राज्य चालवले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या मातीच्या ठशावर 'अ. पा. क. आई' हीच नोंद मला दिसते.

मेरनेथनंतर हजाराहून अधिक वर्षांनी, इ. स. पू. १८००च्या सुमारास, बारावा राजवंश मावळत असताना सोबेकनेफेरू गादीवर आली. तिच्या कडेवर कोणी अज्ञान राजा नव्हता. ती स्वतःच राजा होती, आणि राजाची सारी बिरुदे तिने स्वतःच्या नावापुढे लावली. तिची कारकीर्द जेमतेम चार वर्षांची. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तिच्या एका मूर्तीचे धड आहे. त्या मूर्तीच्या अंगावर स्त्रीचा झगा आहे आणि त्याच्यावरून पुरुष राजाचे कटिवस्त्र नेसवलेले आहे. राज्याचा पोशाख पुरुषाच्या मापाने शिवलेला, आणि अंगावर घालणारी स्त्री. ही अडचण त्या अनाम शिल्पकाराने दगडात जशीच्या तशी ठेवली आहे.

हीच अडचण हॅटशेपसूटने वीस-बावीस वर्षे, सर्व जगाच्या देखत, मोठ्या धैर्याने वागवली. ती पहिल्या थुटमोसची कन्या आणि दुसऱ्या थुटमोसची पट्टराणी. पती वारला तेव्हा गादीचा वारस होता तिचा सवतीचा मुलगा, तिसरा थुटमोस, अगदी लहान बालक. इ. स. पू. १४७९च्या सुमारास तिने त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. आणि सातव्या वर्षाच्या आत केव्हातरी तिने आपल्या नावामागचे 'राणी' हे बिरुद सोडून 'राजा' हे बिरुद धारण केले. सावत्र पुत्राला तिने पदच्युत केले नाही. दोघांची कालगणना एकच राहिली, पण मुख्य आसन तिचे झाले. देवळांच्या भिंतींवर ती राजाची कृत्रिम दाढी बांधून, राजाचे शिरोवस्त्र घालून देवापुढे उभी आहे.

तिच्या राजवटीचा लेखाजोखा पाहिला तर तो लढायांपेक्षा बांधकामांनी आणि व्यापाराने भरलेला आढळतो. थेबिसच्या पश्चिमेस दैर अल्-बाहरी येथे, सरळ तुटलेल्या कड्याच्या पायथ्याशी, एकावर एक चढत गेलेल्या सज्जांचे तिचे मंदिर आजही उभे आहे, आणि सेनेनमुत हा तिचा विश्वासू अधिकारी त्या कामाशी निगडित होता. कर्नाकच्या देवळात तिने उभारलेल्या गुलाबी ग्रॅनाइटच्या स्तंभांपैकी एक अद्याप जागेवर आहे. तो सुमारे साडेएकोणतीस मीटर उंच असून त्याचे वजन तीनशे टनांहून अधिक आहे. खाणीतून तो सात महिन्यांत काढला, असे तिने त्याच्या पायथ्याशी लिहून ठेवले आहे. कारकिर्दीच्या नवव्या वर्षी तिने तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडील पुंट देशास जहाजे धाडली. ती जहाजे बोळाची जिवंत झाडे मुळांसकट टोपल्यांत घालून घेऊन आली, आणि त्या सफरीची चित्रे, समुद्रातल्या माशांसह आणि पुंटच्या राजाराणीसह, तिने आपल्या मंदिराच्या भिंतीवर कोरून घेतली.

तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी, तिसऱ्या थुटमोसच्या उतारवयात, तिचे नाव आणि तिची राजा म्हणून कोरलेली रूपे भिंतींवरून छिन्नीने तासून काढण्याचे काम सुरू झाले. तिचे पुतळे फोडून खाणींच्या खड्ड्यांत टाकले गेले. कर्नाकच्या स्तंभांभोवती दगडी भिंत चढवली गेली. द्वेषाने पेटलेला माणूस वीस वर्षे थांबत नाही. म्हणून आजच्या बहुतेक अभ्यासकांचे मत असे आहे की हा पुढच्या वारसाचा मार्ग निर्वेध करण्याचा, पितापुत्रांची साखळी मधल्या स्त्रीवाचून अखंड दाखवण्याचा थंड डोक्याने केलेला बंदोबस्त होता. पुढे अबायडॉस येथील देवळात राजांची नामावळी कोरली गेली, तीत तिचे नाव नाही.

परंतु दगड पुसणाऱ्यांना एक गोष्ट पुसता आली नाही. आपल्या मराठीत 'राजा आला' आणि 'राणी आली' यांतला भेद जसा क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात राहतो, तसा इजिप्तच्या भाषेतही स्त्रीलिंगाचा प्रत्यय शब्दाच्या अखेरीस राहत असे, आणि हॅटशेपसूटच्या लेखकांनी दाढीधारी राजाच्या चित्राशेजारी तो स्त्रीलिंगी प्रत्यय पुष्कळ ठिकाणी तसाच ठेवला होता. १८२९ साली शांपोल्यों हा चित्रलिपीचा उलगडा करणारा फ्रेंच पंडित दैर अल्-बाहरीला आला तेव्हा चित्र पुरुषाचे आणि व्याकरण स्त्रीचे पाहून तो चकित झाला. त्या प्रत्ययाच्या धाग्यानेच तिचा पत्ता लागू लागला. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या मोहिमेने खड्ड्यांतील तुकडे वेचून तिचे पुतळे पुन्हा जोडले.

हॅटशेपसूटनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, एकोणिसाव्या राजवंशाच्या अखेरीस, टाउसरेटने याहून निराळा मार्ग धरला. सिप्ता हा अज्ञान राजा गादीवर असता तिने कारभार पाहिला. तो तरुणपणीच वारला, तेव्हा ती स्वतः गादीवर बसली आणि सिप्ताच्या राज्याची वर्षेही तिने आपल्याच राजवटीच्या हिशेबात धरली. ज्या काळात कारभार आपला होता, तो काळ आपल्या खात्यावर लिहून घेण्याचे हे धाडस होते. तिच्यामागून आलेल्या सेटनाख्तने मात्र तिची कबरसुद्धा आपल्यासाठी घेतली.

अखेरची क्लिओपात्रा. इ. स. पू. ५१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, दहा वर्षांच्या धाकट्या भावासह ती गादीवर आली. मग दुसरा भाऊ, मग स्वतःचा मुलगा सिझेरियन, असा कोणीतरी पुरुष तिच्या नावाशेजारी सदैव राहिला. डेंडेरा येथील देवळाच्या मागच्या भिंतीवर मायलेकांचे भव्य शिल्प आहे, त्यात पुढे सिझेरियन आहे आणि त्याच्या पाठीशी ती. ज्या काळी रोमच्या सत्तेपुढे इजिप्तचे अस्तित्व तिच्या एकटीच्या मुत्सद्देगिरीवर तोलून होते, त्याच काळातले हे शिल्प आहे. तिच्या घराण्याने तीनशे वर्षे इजिप्तवर राज्य केले, पण त्या घराण्यात प्रजेची भाषा शिकली ती तीच पहिली, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. लोकांनी मात्र तिचे रूप आणि तिचा सर्पदंश तेवढा लक्षात ठेवला.

प्लुटार्कनेच नमूद केलेली आणखी एक हकीगत आहे. पराभव अटळ दिसू लागला तेव्हा क्लिओपात्राने सिझेरियनला पुष्कळ द्रव्य देऊन इथिओपियामार्गे हिंदुस्थानाकडे रवाना केले. त्याला फसवून माघारी बोलावले गेले आणि तो मारला गेला, इ. स. पू. ३०मध्ये इजिप्त रोमचा प्रांत झाला. मुलाला वाचवण्यासाठी त्या मातेला जो देश सुचला तो आपला होता, आणि त्यात नवल काही नाही, कारण तांबड्या समुद्रातील बंदरांतून हिंदुस्थानाकडे वाट जात होतीच. त्यानंतर थोड्याच वर्षांनी स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहितो की एका बंदरातून वर्षाला एकशे वीस जहाजे हिंदुस्थानाकडे निघत. इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत चौलच्या पुढची बंदरे दिली आहेत, त्यांत 'मेलिझैगारा' असे एक नाव आहे. ते कोणते, यावर एकमत नाही. पण काही अभ्यासकांनी ते आमच्या उत्तरेच्या जयगडाशी जुळवून पाहिले आहे. मालगुंडच्या गायवाडीच्या पुळणीवर संध्याकाळी उभे राहिले, म्हणजे पश्चिमेला जे पाणी दिसते ते सरळ त्या बंदरांपर्यंत जाते.

आणि त्या पाण्यावरून आलेला माल घाट चढून ज्या वाटेने देशावर जाई, त्या वाटेवरच आपल्याकडची पहिली मोठी राणी भेटते. कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याशी दगडाचा प्रचंड रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे परंपरा सांगते. त्याच्याजवळच्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ ब्राह्मी लेख आहे. लिपीवरून बहुतेक अभ्यासक तो इ. स. पू. पहिल्या शतकातला, म्हणजे क्लिओपात्राच्या काळाच्या आगेमागेचा मानतात. महारठी कुळात जन्मलेली, पहिल्या सातकर्णीची पत्नी, वेदिश्रीची आई. पती निवर्तल्यावर मुले लहान असताना तिने राज्य पाहिले, असा विद्वानांचा सर्वसाधारण कौल आहे. लेखात अश्वमेध आणि राजसूय यज्ञांची, हजारो गाईंच्या, घोड्यांच्या, हत्तींच्या आणि कार्षापणांच्या दक्षिणांची यादी आहे. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखे जगणारी असे तिचे वर्णनही आहे.

त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या होत्या. आज त्या मूर्ती उरल्या नाहीत. कोठे पावलांचे अवशेष तेवढे दिसतात. डोक्यावरची नावे मात्र राहिली आहेत, आणि त्यांत नागनिकेचा आणि तिच्या पतीचा उल्लेख एकत्र आहे: 'देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो'. आधी देवी नायनिका, आणि मग राजा श्रीसातकर्णी. दोघांची नावे असलेले चांदीचे नाणेही उपलब्ध झाले आहे. थेबिसला नाव आणि रूप दोन्ही तासले गेले; नाणेघाटात रूप झिजले आणि नाव राहिले.

सातवाहनांच्या घरात आईच्या नावाला एक निराळेच स्थान होते. मालगुंड हे कृष्णाजी केशव दामले यांचे जन्मगाव. त्यांनी कविता लिहिताना पित्याच्या नावावरून 'केशवसुत' हे नाव घेतले आणि त्याच नावाने ते मराठीत अमर झाले. सातवाहन राजे मात्र आपली ओळख आईवरून सांगत: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. ही नावे मातेच्या गोत्रावरून आलेली असल्यामुळे त्यांच्यावरून मातृसत्तेचा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. पण गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या बाबतीत नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे पांडवलेण्यांतील, तिसऱ्या लेण्याचा पुरावा नावापुरता नाही. गौतमीपुत्राच्या चोविसाव्या राज्यवर्षाचा तेथील हुकूम राजा आणि 'जिचा पुत्र जिवंत आहे अशी राजमाता' अशा दोघांच्या नावे सुटलेला आहे. गोवर्धनचा अमात्य श्यामक याला त्यात कळवले आहे की डोंगरावरील भिक्षूंना पूर्वी कखडी गावी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गाव बेचिराग झाले आहे, सबब नगराच्या सीमेवरील सरकारी जमिनीतून शंभर निवर्तने त्यांना द्यावीत. हा मजकूर वाचताना एकोणीसशे वर्षे गळून पडतात. महसुलाच्या कचेरीत आजही कागद याच भाषेत बोलतो. पुढे पुत्रही वारला, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी त्याच लेण्याच्या दानाचा लेख बलश्रीने कोरवला आणि त्यात आपल्या गेलेल्या मुलाच्या पराक्रमाचे सविस्तर वर्णन केले. गौतमीपुत्राविषयी इतिहासाला जे ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे त्या वृद्ध मातेने सांगितलेले आहे.

विदर्भात वाकाटकांच्या गादीवर प्रभावतीगुप्ता आली ती चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळात. ती सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, नागकुलोत्पन्न कुबेरनागेची मुलगी आणि दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. रुद्रसेन तरुणपणीच वारला, मुले लहान होती. नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, या राजधानीतून तिने दिलेला ताम्रपट पुण्यात सापडला. तो तेराव्या वर्षाचा असून त्यान्वये दंगुण नावाचे गाव आचार्य चनालस्वामीस दान दिले आहे. त्या ताम्रपटात वंशावळ सासरची नाही, माहेरच्या गुप्तांची आहे. गोत्रही तिने पित्याचे धारण सांगितले आहे. मुद्रेवर मात्र हे शासन 'युवराजाच्या जननीचे' आहे अशी नोंद आहे. तेरा वर्षे उलटली तरी तिचा मुलगा दिवाकरसेन 'युवराज'च आहे, आणि तेरा वर्षे तिचीच आज्ञा चालते आहे. पुढे दुसरा मुलगा प्रवरसेन गादीवर असताना, त्याच्या एकोणिसाव्या वर्षीही, रामगिरीस्वामींच्या पायाशी बसून तिने आणखी एक दान दिले. तो ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूरचा. वाकाटकांचे हे लेख संपादून त्यांचा इतिहास मराठीत आणणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील कुवळ्याचे. २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला झालेल्या उत्खननात प्रभावतीचे नाव आणि शंखाची आकृती असलेला मातीचा मुद्राठसा मिळाला. दान दगडात आणि तांब्यात कोरतात. मातीचा ठसा रोजच्या टपालावर उमटतो. त्या इवल्याशा ठशाने सांगितले की तिचा शिक्का नित्य चालत होता.

आणि अखेर आमच्या कोकणातली राणी. इ. स. ६४२मध्ये पल्लवांनी बादामी घेतली, चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी पडला, आणि तेरा वर्षे त्या साम्राज्याची वाताहत झाली. त्याच्या एका पुत्राने, पहिल्या विक्रमादित्याने, ते सावरले. त्या धामधुमीच्या पाठोपाठचे दोन ताम्रपट कुडाळजवळच्या नेरूर आणि वेंगुर्ल्याच्या कोचरे या गावी सापडले. ते देणारी आहे विजयभट्टारिका, विक्रमादित्याचा वडील भाऊ चंद्रादित्य याची राणी. नेरूरच्या ताम्रपटाचा काल तिने 'स्वराज्याच्या पाचव्या संवत्सरात' असा दिला आहे, आणि तो इ. स. ६५९च्या सुमाराचा ठरतो. हे 'स्व' कोणाचे, यावर हा लेख अभ्यासणाऱ्या फ्लीट या पंडितापासून आजवर वाद झाला आहे. कोणी म्हणतात तिचे स्वतःचे. कोणी म्हणतात पतीचे, किंवा अज्ञान पुत्राच्या वतीने चाललेले. वादात काही निवडो. दान तिने दिले आहे, हुकूम तिचा आहे आणि काळ मोजताना तिने उच्चारलेला शब्द 'स्वराज्य' हा आहे. तिच्याविषयी आणखी एक गोष्ट विलक्षण आहे. पुढच्या चालुक्यांच्या वंशावळी पुलकेशीवरून थेट विक्रमादित्याकडे जातात. चंद्रादित्याला त्यांत जागा नाही. तो होता, हे आपल्याला कळते ते त्याच्या पत्नीच्या या ताम्रपटांवरून. आयुष्यभर बाईचे नाव पुरुषामुळे दप्तरात राहते असे ऐकत आलेल्या माझ्यासारखीला हा कोकणातला दाखला फार मोलाचा वाटतो. संस्कृत कवयित्री विज्जिका ती हीच, असेही काही विद्वान मानतात.

ही मालिका पुढेही चालली. काकतीय रुद्रमादेवीने तेराव्या शतकात हॅटशेपसूटप्रमाणेच पुरुषी नाव घेतले आणि रुद्रदेव महाराज म्हणून राज्य केले. राजाराम महाराज वारल्यावर १७०० साली आपल्या चार वर्षांच्या मुलास, दुसऱ्या शिवाजीस, गादीवर बसवून ताराबाईंनी औरंगजेबाशी त्याच्या मृत्यूपर्यंत सात वर्षे झुंज दिली. अहिल्याबाई होळकरांनी १७६७पासून १७९५पर्यंत माळव्याचा कारभार असा केला की त्याची कीर्ती अजून सरलेली नाही. आणि त्यांच्या हुकमांवर स्वतःच्या नावाऐवजी 'श्री शंकर आज्ञेवरून' असे शब्द असत, अशी परंपरा आहे.

या साऱ्या स्त्रियांविषयी बोलताना आपण एक क्रियापद सहज वापरतो: त्यांनी राज्य 'सांभाळले'. मुलगा मोठा होईतो सांभाळले, संकट टळेतो सांभाळले. पुरुष राज्य करतो, बाई सांभाळते. परंतु सांभाळणे म्हणजे जे आहे ते तसेच जपून परत करणे. आणि या स्त्रियांचे कागद तसे काही दाखवत नाहीत. हॅटशेपसूटने जहाजे धाडली, बलश्रीच्या नावे निघालेल्या हुकमाने पडीत शेताच्या बदली कसती जमीन दिली, प्रभावतीने गावे दिली, ताराबाईंनी फौजा नर्मदेपार पाठवल्या. नवे निर्णय घेणे, चुकल्यास त्यांची जोखीम पत्करणे, हेच जर राज्य करणे असेल, तर ते त्यांनी केले. 'मधला काळ' ही संज्ञा वंशावळ लिहिणाऱ्याची आहे. त्या काळात जगलेल्या प्रजेला तो मधला नव्हता, तोच त्यांचा काळ होता.

सातबाऱ्याच्या कागदाचे दोन भाग असतात. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे ते लिहितात. गाव नमुना बारामध्ये तीत काय पिकले ते लिहितात. राण्यांचा इतिहास आपण फार काळ नमुना सातवरून वाचला. नमुना बारा वाचायला घेतला की चित्र पालटते. तसा पालट आपल्या घरांतही हळूहळू होतो आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना आवाहन केले की जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करा, आणि अनेक गावांनी ते ऐकले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत, महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार, मुलाच्या नावानंतर आईचे नाव येते आणि मग वडिलांचे. सातवाहनांच्या मुलखात आईच्या नावाने ओळख सांगण्याची रीत इतक्या शतकांनी या रूपाने परतली, याचा मला मनापासून आनंद आहे.

आजीची ट्रंक आता माझ्याकडे आहे. सुतळी कुजली होती म्हणून पावत्या सोडवून, वर्षे लावून, पुन्हा बांधल्या. बांधण्यापूर्वी प्रत्येक पावतीच्या मागच्या बाजूस, कागद फाटणार नाही अशा हलक्या हाताने, पेन्सिलीने आजीचे नाव लिहिले आणि त्यापुढे दोनच शब्द लिहिले: 'हस्ते भरणा'.